पत्ता नसलेल्याने पत्ता मागायचा कसा?

नव्या फोनमध्ये वाय-फायचा पासवर्ड टाकला की क्षणात इंटरनेट सुरू होतं. त्या क्षणात एक कोडं सुटलेलं असतं, आणि ते पुरतं सोडवायला तज्ज्ञांना जवळपास दशकभर झटावं लागलं.

कोडं असं. नेटवर्कवर बोलायचं तर यंत्राला आयपी पत्ता हवा. पत्ता मागायचा तर नेटवर्कवर बोलायला हवं. मग सुरुवात कुठून करायची?

१९८०च्या दशकात डिस्क नसलेले संगणक वापरात आले. बंद केले की त्यांची मेमरी कोरी. स्वतःचा आयपी पत्ता जपून ठेवायला जागाच नाही. पण एक गोष्ट त्यांच्यापाशी पक्की होती : नेटवर्क कार्डावर कारखान्यातच नोंदलेला ४८ बिटांचा क्रमांक. जून १९८४मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी हाच धागा पकडून ‘रार्प’ मांडला. चालू होताच यंत्राने सगळ्यांना विचारायचं, ‘माझा क्रमांक हा, तर माझा पत्ता कोणता?’ सर्व्हरने तक्त्यात बघून सांगायचं. कोडं सुटलं, पण अर्धंच. ही हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नव्हती, म्हणून नेटवर्कच्या प्रत्येक तुकड्यात वेगळा सर्व्हर ठेवावा लागे.

सप्टेंबर १९८५मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ आणला. त्यातली युक्ती धाडसी होती. पाठवणाऱ्याच्या रकान्यात यंत्राने ०.०.०.० लिहायचं आणि घेणाऱ्याच्या रकान्यात २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ऐकेल त्या प्रत्येकासाठी. वाटेतला मध्यस्थ ही विनंती उचलून दूरच्या सर्व्हरपर्यंत पोचवी. तरी तक्ता राहिलाच. कुठल्या कार्डाला कुठला पत्ता, हे कुणीतरी बसून हाताने भरायचं. यंत्रं जागची हलत नव्हती तोवर हे निभावलं. लॅपटॉप आले, आज इथे उद्या तिथे जाऊ लागले, आणि तक्ता पुरा पडेना.

ऑक्टोबर १९९३मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रॉम्स यांच्या नावाने आरएफसी १५३१ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. हाच डीएचसीपी. संदेशाचा साचा बूटपीचाच, ६७ आणि ६८ हे पोर्टही तेच, त्यामुळे जुने मध्यस्थ कामी आले. नवी होती ती एक कल्पना, आणि तिनेच बाजी मारली : पत्ता भाड्याच्या खोलीसारखा मुदतीने द्यायचा. अर्धी मुदत सरली की यंत्र आपणहून ती वाढवून मागतं. ते न सांगता निघून गेलं, तर मुदत संपताच पत्ता पुढच्यासाठी मोकळा.

घरच्या राउटरमध्ये हे सगळं चार संदेशांत घडतं. फोन हाक देतो, ‘पत्ता देणारं कुणी आहे का?’ राउटर म्हणतो, ‘१९२.१६८.१.१०४ घे, चोवीस तासांसाठी.’ तिसरा संदेश मला सगळ्यांत देखणा वाटतो. फोन आपला होकार पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा देतो, आणि कुणाचा पत्ता घेतला तेही सांगतो. दुसरा कुणी पत्ता देऊ करत असेल, तर तो हे ऐकून आपला पत्ता मागे घेतो. मग चौथा संदेश येतो : ‘मंजूर.’

म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी चालू करताना तीन गोष्टी बघाव्यात. वाटायचे पत्ते ठरवून द्या, समजा १०० ते १९९; प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता त्याच्या बाहेरचा हवा. मुदत चोवीस तासांची ठेवा. गणपतीत पाहुण्यांचे फोन आले-गेले तरी त्यांचे पत्ते आपोआप परत येतात. आणि सिग्नल लांबवर पोचावा म्हणून दुसरा राउटर जोडला असेल, तर त्यातला डीएचसीपी बंद करा. दोघे आपापल्या मनाने वाटू लागले, तर एकच पत्ता दोन यंत्रांच्या हाती पडू शकतो.

लॅपटॉप वाय-फायला जोडलेला दिसतो आणि नेट मात्र चालत नाही, अशा वेळी त्याचा आयपी पत्ता उघडून बघा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने हाक दिली, उत्तर आलं नाही, आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असं समजा. मग इकडेतिकडे चाचपडू नका. पत्ता देणारा राउटर का गप्प आहे, तेवढंच आधी शोधा.