पान उलटून पाहणारी माणसं

सप्टेंबरच्या सुरुवातीला पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांत दोन कामं एकाच वेळी चालतात. जुन्या बागेत डाऊनी म्हणजे केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी आणि नव्या लागणीत डॉगरिजच्या खुंटांवर कलमबांधणी. मी दोन्ही जवळून पाहिली. या कामांत रोज घेतली जाणारी नावं कुठून आली हे शोधत गेलं, की जगातले काही मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ इथं निफाड तालुक्यात येऊन भेटतात.

बोर्डोची तयारी आदल्या संध्याकाळी होते. मोरचूद कापडात बांधून प्लास्टिकच्या ड्रमात लोंबकळत ठेवायचं. लोखंडी भांडं चालत नाही. दुसऱ्या ड्रमात कळीचा चुना विरवून गाळून घ्यायचा. एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद. सकाळी दोघं जण दोन बादल्या एकदम तिसऱ्या ड्रमात ओततात, तिसरा काठीनं ढवळत राहतो. निळंशार पाणी बघता बघता दाट आकाशी होतं. मग त्यात विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळं आहे, त्यानं पान जळेल. आणखी चुना घालायचा. पातं स्वच्छ निघालं की फवारा सुरू. हे मिश्रण दुसऱ्या दिवशीसाठी ठेवत नाहीत.

हा नुस्खा फ्रान्समधल्या एका निरीक्षणातून आला. अमेरिकेतून आलेल्या डाऊनीनं १८७८पासून तिथल्या बागा उजाड करायला सुरुवात केली होती. पिएर मिलार्दे हे बोर्दो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. ऑक्टोबर १८८२मध्ये मेदोक भागातल्या सँ-ज्युलियाँ गावातून जाताना त्यांना दिसलं, की बाकी बागांची पानं गळून गेली आहेत, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं, की वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. मिलार्दे यांनी ही गोष्ट तिथंच सोडली नाही. रसायनतज्ज्ञ युलिस गायों यांच्या मदतीनं त्यांनी प्रमाणं तपासली, बागेत प्रयोग केले आणि १८८५मध्ये पद्धत जाहीर केली. चुना मोरचुदाची दाहकता मारतो आणि तांबं पानावर चिकटून राहतं, एवढं साधं त्याचं शास्त्र आहे.

पिंपळगावचा अनुभवी बागायतदार आजही बागेत शिरल्यावर आधी पान उलटतो. वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खाली पांढरी लव असेल, तर डाऊनी आली. या रोगाचे बीजाणू पाण्याच्या थरात पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. म्हणून फवारा खालून बसायला हवा. हे बागायतदाराला ठाऊक असतं आणि नोझल फिरवणाऱ्या मजुरालाही.

पलीकडच्या लागणीत कलमं चालू होती. कारागीर खुंटाचा शेंडा छाटतो आणि मधोमध उभी चीर देतो. दोन डोळ्यांच्या सायन (कलमाच्या) काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून त्याची पाचर करतो आणि ती चिरेत बसवतो. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी मध्यावर न ठेवता एका कडेला सरकवतो, कारण काडीच्या सालीखालचा जिवंत थर खुंटाच्या तशाच थराला भिडला तरच कलम धरतं. मग प्लास्टिकची पट्टी ताणून गुंडाळायची. बोटं क्षणभरही अडत नाहीत, पण काडी बसवताना नजर त्या सालीच्या रेषेवरून हलत नाही.

वर द्राक्षाची जात थॉमसन असो की सोनाका, खाली मूळ टेक्सासच्या रानवेलीचं. थॉमस व्होल्नी मन्सन हे १८७६मध्ये टेक्सासमधल्या डेनिसन गावी स्थायिक झाले आणि रानोमाळ हिंडून त्यांनी अमेरिकेतल्या जंगली द्राक्षांचा अभ्यास केला. मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा संपत आल्या होत्या, तेव्हा चुनखडीच्या जमिनीत टिकतील असे खुंट शोधायला फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हियाला १८८७मध्ये अमेरिकेत आले. मन्सन यांनी त्यांना टेक्सासच्या रानवेली दाखवल्या. पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारनं मन्सन यांचा सन्मान केला. डॉगरिज हा त्याच टेक्सासचा, मन्सन यांच्या निवडींमधला खुंट. आपल्याकडे तो वेगळ्या कारणासाठी रुजला: कमी पाणी आणि क्षारपड जमीन तो सोसतो.

पुढे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवतात. मण्याची वाढ होण्यासाठी लागणारं हे संजीवक एरवी बियांकडून मिळतं. बिनबियांच्या जातींना ते बाहेरून द्यावं लागतं. त्याचा माग जपानी वनस्पतिरोगतज्ज्ञ एइची कुरोसावा यांनी १९२६मध्ये तैवानमध्ये काढला. भाताची काही रोपं रोगानं अवाजवी उंच का होतात, हा त्यांचा प्रश्न होता. रोग घडवणाऱ्या बुरशीच्या स्रावातच वाढीचं द्रव्य आहे, हे त्यांनी दाखवलं.

रस्त्याकडेची हिरवी ओळ, रानातली वेल, उंच वाढलेलं रोप. मिलार्दे, मन्सन आणि कुरोसावा या तिघांनी जे पाहिलं ते अनेकांच्या डोळ्यांसमोर होतं. फरक एवढाच, की ते थांबले, त्यांनी कारण विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत काम सोडलं नाही. पिंपळगावला याची स्वतःची परंपरा आहे. इथल्या कांदा व द्राक्ष संशोधन केंद्रातून बसवंत ७८० हा खरिपाचा कांदा आला. आज कित्येक बागायतदारांच्या डायऱ्यांत छाटणी, पाऊस, फवारणी आणि पहिला डाग दिसल्याची तारीख वर्षानुवर्षं नोंदलेली आहे. एकाच शिवारातल्या अशा डायऱ्या शेजारी ठेवून वाचल्या, तर कुठल्या वळणावरच्या ओळी हिरव्या राहिल्या आणि का, हे कळू शकेल. हे काम गावातल्या शाळा-महाविद्यालयांनी हाती घ्यावं आणि त्या मुलांना मिलार्दे, मन्सन, कुरोसावा ही नावं परीक्षेसाठी न शिकवता बागेत, मोरचुदाच्या ड्रमापाशी उभं करून सांगावीत. पुढचा प्रश्न विचारणारं मूल याच शिवारातून यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.