मोजमापावरची सही ही साक्षच होय

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीत घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "आयर्विनला किती फूट?" १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ नदीची पातळी मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या आकड्यावर विसंबून लोक धान्य माळ्यावर टाकतात, जनावरे सोडतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हलवितात. आकडा वाचणारा कोण, हे कोणी विचारत नाही. पण त्याने दोन फूट कमी सांगितले तर किती घरे बेसावध राहतील याचा विचार करा. मोजमाप ही अमानत आहे, ती अशी.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अभियांत्रिकीची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. आपल्या समाजातील मुलेही आता आय. टी. आय., पदविका आणि पदवी घेऊन या क्षेत्रात येत आहेत, ही समाधानाची बाब आहे. ही मुले भेटली की आम्हाला विचारतात, पाळीत जुम्याची नमाज कशी साधावी? भट्टीसमोर रोजा कसा धरावा? प्रश्न योग्यच आहेत. परंतु दीनची मोठी परीक्षा बहुधा टेबलावर, हातात पेन असताना होते, आणि त्याविषयी फारसे कोणी विचारत नाही.

सही कशाची?

अभियंता रोज सह्या करतो. मोजमाप वहीवर, म्हणजे आपल्या बोलीत एम. बी. वर, चाचणीच्या दाखल्यावर, माल मिळाल्याच्या पावतीवर. या प्रत्येक सहीचा अर्थ एकच असतो, 'हे मी पाहिले, मोजले आणि हे असेच आहे.' इस्लामच्या दृष्टीने ही शहादत, म्हणजे साक्ष झाली. साक्ष लपवू नये, ती स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाने द्यावी, अशी कुरआनची शिकवण आहे. कोर्टात खोटी साक्ष देण्यास कचरणारा माणूस न मोजलेल्या कामावर सहज सही करतो, कारण त्याला ती साक्ष वाटतच नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावच्या रस्त्याचे खडीकरण आहे. लांबी १ किलोमीटर, रुंदी ३.७५ मीटर आणि दबाई झाल्यावर थराची जाडी ७५ मिलिमीटर हवी. हिशेबाने २८१.२५ घनमीटर काम झाले पाहिजे. प्रत्यक्षात थर ६० मिलिमीटरचाच पडला, तर काम २२५ घनमीटर भरते. म्हणजे ५६.२५ घनमीटर काम फक्त वहीत झाले, रस्त्यावर नाही. ठेकेदार बिल घेऊन जातो, 'टक्केवारी' वाटली जाते, आणि दोन पावसाळ्यांत रस्ता उखडतो. त्या खड्ड्यांतून बाळंतिणीची गाडी जाते, शाळेची मुले जातात, उसाचे ट्रॅक्टर जातात. यात हक्क बुडाला तो साऱ्या गावाचा. अल्लाहचा हक्क तौबा करून माफ होऊ शकतो. पण माणसांचा हक्क ज्याचा त्याला परत करावा लागतो. गावातल्या हजारो माणसांना शोधून तो परत कसा करणार?

ढिगाच्या आत हात

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे विचारून फसविणारा आपल्यापैकी नव्हे, असे त्यांनी बजावले. ही हदीस आपण व्यापाऱ्यांना ऐकवितो. अभियंत्यांनीही ती आपल्यासाठी ऐकावी.

काँक्रीटची ताकद पाहण्यासाठी १५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसला पाहिजे. पण स्लॅबचा माल एक आणि ठोकळ्यांसाठी जादा सिमेंटचा माल वेगळा, असा प्रकार केला की दाखला कोरडा आणि स्लॅब ओला! फौंड्रीतही तेच. ज्या ओतकामाचा माल ग्राहकाला जायचा, त्याच रसातून चाचणीची कांडी ओतली पाहिजे. चांगल्या रसाची कांडी वेगळी ठेवून तिचाच दाखला पुन्हापुन्हा जोडणे म्हणजे ढिगावर कोरडे धान्य पसरणेच होय.

काट्याचा प्रश्न

कृष्णाकाठी ऊस आणि साखर कारखाने हा जीवनाचा कणा आहे. उसाच्या काटामारीची तक्रार इकडे दर हंगामात ऐकू येते. १० टनांच्या खेपेत काटा एक टक्का कमी दाखवू लागला, तर १०० किलो ऊस गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ. आर. पी. ठरली होती. त्या हिशेबाने एका खेपेला ३५५ रुपये. दिवसाला ५,००० टन गाळप धरले तर रोजचे १,७७,५०० रुपये. भाव साखरेच्या उताऱ्यावरही ठरत असल्याने प्रयोगशाळेतला आकडा हाही एक काटाच आहे.

घेताना पुरे माप घेणारे आणि देताना कमी देणारे, यांच्यासाठी कुरआनात 'मुतफ्फिफीन' नावाची एक स्वतंत्र सूरह आहे. मदयनच्या लोकांना हजरत शुऐब (अ.) यांनी मापातल्या याच खोटेपणाबद्दल सावध केले होते. काटा दुरुस्त करणारा, संगणकात आकडा भरणारा, प्रयोगशाळेत नळी धरणारा तरुण मुस्लिम असेल, तर ही सूरह त्याच्या नोकरीविषयीच बोलते. शेतकरी कोणत्या धर्माचा आहे, हा प्रश्न येथे उद्भवत नाही.

मापाचे हे शास्त्र आपल्याला परके नाही. मर्व शहरातील अल-खाझिनी याने ११२१ च्या सुमारास 'मीझानुल हिकमा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. शुद्ध धातू आणि भेसळीचा धातू पाण्यातल्या वजनावरून कसा ओळखावा, हे त्याने त्यात दाखविले आहे.

डिस्टिलरीत काम करावे काय?

साखर कारखान्यात मळीपासून मद्यार्क बनतो, आणि म्हणून हा प्रश्न हमखास येतो. दारू गाळणारा, वाहणारा, विकणारा अशा दहा जणांवर हदीसमध्ये लानत आली आहे. तेव्हा पिण्याच्या दारूच्या कामाबद्दल शंकेला जागा नाही. परंतु बॉयलर, टर्बाइन, गाळप विभाग ही कामे वेगळी. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल हाही आता वेगळा विषय झाला आहे. २०२५ मध्ये देशात हे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. अशा वेळी स्वतःच फतवा देऊ नये. कोणता माल बनतो, कोठे जातो, पिण्यालायक राहतो का, आपले काम नेमके काय, हे सर्व लिहून जाणत्या उलेमांना विचारावे. प्रश्न अर्धवट असेल तर उत्तरही अर्धवटच मिळणार.

नोकरी गेली तर?

सही नाकारली तर बदली होते, बढती अडते, प्रसंगी नोकरीही जाते. हे खोटे नाही, आणि ज्यांच्या घरी चूल आहे त्यांना पोकळ उपदेश करण्यात अर्थ नाही. म्हणून तयारी आधीपासून करावी. मोजमाप जागेवर, ठेकेदारासमक्ष घ्यावे आणि तेथेच शाईने लिहावे. आक्षेप भांडून नव्हे, तर लेखी व शांतपणे कळवावा. वरिष्ठ तोंडी दबाव आणत असतील तर आदेश लेखी मागावा. पुष्कळदा गोष्ट तेथेच थांबते. प्रामाणिक सहकारी प्रत्येक खात्यात असतात, त्यांच्याशी धरून राहावे. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्यावा. लग्नातल्या थाटामाटाच्या कर्जाने वाकलेला हात 'नाही' लिहू शकत नाही.

येथे समाजाचीही जबाबदारी आहे. मुलगा पाहायला गेल्यावर पगाराबरोबर 'वरकमाई किती?' असे विचारणारे वडीलधारे आपल्यात आहेत. त्यांनी आधी स्वतःला विचारावे की, आपण जावई शोधतो आहोत की चोर?

शेवटी आपले स्वतःचे माप. जुम्यासाठी परवानगी घेऊन दोन तास गायब राहणे, कामाच्या वेळेत खाजगी नकाशे काढणे, कारखान्याचे हत्यार घरी नेणे, हीही मापातली लबाडी आहे. नमाजला गेलेला वेळ भरून द्यावा, दिवाळीला सहकाऱ्याची पाळी आपण घ्यावी. ईदला तो आपली घेईल.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले आणि पुढे त्याचे मजबुतीकरण झाले. अशा वेळी तपासणारा अभियंता पहिल्यांदा जुन्या नोंदी मागतो. लिहिणारा निवृत्त झालेला असतो, कधी कबरीत असतो. त्याच्या वतीने त्याची सही बोलते. आपली सही त्या दिवशी खरे बोलावी, एवढी काळजी आजच घेऊ या. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि खऱ्या मापाची तौफीक देवो, आमीन.