विश्लेषण : टोमॅटोचा लाल रंग आरोग्याला किती उपयोगी?

नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ. माल किती पिकला, हे तिथे रंगावरूनच ओळखले जाते. हा लाल रंग 'लायकोपिन' या रंगद्रव्याचा. त्याच्या कॅप्सूलही बाजारात मिळतात. पण त्यांची खरेच गरज आहे का?

लायकोपिन म्हणजे काय?
गाजराला केशरी रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटिनच्या कुळातले हे रंगद्रव्य. टोमॅटो पिकताना त्यातील हरितद्रव्य नाहीसे होते आणि लायकोपिन साठत जाते. कलिंगड, लाल गराचा पेरू आणि पपईतही ते असते. पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना ते निष्प्रभ करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र शरीरात त्याचे 'अ' जीवनसत्त्व तयार होत नाही.

कच्चा खावा की शिजवून?
लायकोपिनसाठी शिजवलेला टोमॅटो सरस. उष्णतेने पेशींच्या भिंती फुटतात व रंगद्रव्य मोकळे होते. ते स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून तुपाची फोडणी दिलेले सार किंवा थोड्या तेलातली चटणी उपयोगी. 'क' जीवनसत्त्व मात्र शिजवताना घटते. त्यामुळे कोशिंबीरही हवी; तिच्यात दाण्याचे कूट घातल्यास आवश्यक स्निग्धांश मिळतो.

कर्करोग टळतो का?
तसा दावा करता येत नाही. टोमॅटो अधिक खाणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कर्करोगाचा धोका कमी असल्याचे काही पाहण्यांत आढळले. पण ते टोमॅटोमुळेच घडले, हे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्ये टोमॅटोबाबतचा पुरावा अत्यंत मर्यादित ठरवला आणि लायकोपिनच्या गोळ्यांबाबतचा दावा फेटाळला. त्यामुळे कॅप्सूलच्या भरवशावर तपासणी वा उपचार लांबवणे धोक्याचे.

काळजी कोणी घ्यावी?
पोटॅशियमचे पथ्य असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनी टोमॅटोचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनीही बेताने खावा. केचपमध्ये लायकोपिन असले, तरी साखर आणि मीठही असते.

साठवण कशी करावी?
अर्धकच्चे टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीत रंग नीट चढत नाही. भाव कोसळले की नाशिकच्या शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची वेळ येते. अशा स्वस्ताईत टोमॅटो शिजवून, गाळून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. शिजवल्यावरही लायकोपिन बऱ्यापैकी टिकते. महागड्या कॅप्सूलपेक्षा हा मार्ग स्वस्त आणि चवदारही.