कापडाचा देश कोणता? : मालेगावचे माग आणि व्यापार करारांतील उगम-नियम

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे मोसम नदीच्या काठच्या वस्त्यांतून यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र ऐकू येतो. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या विणकर कुटुंबांनी या गावात हातमागाचा जम बसविला, पुढे विजेचे माग आले, आणि आज लाखावर यंत्रमाग असलेले हे शहर कोऱ्या कापडाचे राज्यातील एक प्रमुख केंद्र होय. येथे विणलेले थान रंगाई-छपाईसाठी राजस्थानातील पाली-बालोत्रा यांसारख्या ठिकाणी जातात, आणि शिलाई आणखी तिसऱ्याच गावी होते. ज्या मागावर कापड विणले गेले त्याची खूण तयार सदऱ्यावर कोठेही उरत नाही. देशी बाजारात त्यावाचून कोणाचे अडत नाही. परंतु सदरा देशाची सीमा ओलांडू लागला की, त्याचे कापड कोणत्या देशात विणले गेले या प्रश्नाला एकाएकी महत्त्व येते. कारण त्याच्या उत्तरावर जकातीचा दर ठरतो.

दोन देशांत मुक्त व्यापाराचा करार होतो तेव्हा एकमेकांच्या मालावरील सीमाशुल्क कमी करण्याचे अथवा माफ करण्याचे वचन दिले जाते. ही सवलत त्या दोन देशांच्या मालापुरतीच असते. तिसऱ्याच देशाचा माल केवळ वाटेत थांबून, वेष्टन बदलून सवलतीचा लाभ घेऊ लागला तर कराराला अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक करारात माल कोणत्या देशाचा मानावा याचे नियम घालून दिलेले असतात. व्यापारी वर्गात ते ‘रूल्स ऑफ ओरिजिन’ या नावाने ओळखले जातात. मराठीत त्यांना उगम-नियम म्हणता येईल.

गहू किंवा द्राक्षे यांच्या बाबतीत हा प्रश्न सोपा आहे. ज्या मातीत पीक निघाले तो देश. निफाडच्या द्राक्षाचा उगम कोणी विचारत बसत नाही. कापडाचे तसे नाही. कापूस एका देशाचा, सूत दुसऱ्याचे, वीण तिसऱ्याची आणि शिलाई चौथ्याची, असा एकच सदरा असू शकतो. त्याचा देश कोणता?

याचा निवाडा बहुधा जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणाच्या आधारे केला जातो. या वर्गीकरणात प्रत्येक वस्तूला चार अंकी शीर्षक असते. सरकी काढलेला कापूस ५२०१ या शीर्षकाखाली येतो, सुती धागा ५२०५ खाली, हलके सुती कापड ५२०८ खाली आणि पुरुषांचा विणलेल्या कापडाचा सदरा ६२०५ खाली. शीर्षक बदलले म्हणजे वस्तूचे खरोखर रूपांतर झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. कोरे कापड धुतले, रंगविले किंवा छापले तरी ते ५२०८ मध्येच राहते. बदलतो तो पुढचा उपविभाग, म्हणजे कोऱ्याचा १, धुतलेल्याचा २, रंगविलेल्याचा ३, छापील कापडाचा ५. म्हणूनच केवळ शीर्षक-बदल मागणाऱ्या नियमाच्या दृष्टीने परदेशी कोरे कापड येथे आणून छापल्यास ते भारतीय ठरत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत छपाईला मान्यता आहे, पण ती अटींवर : छपाईबरोबर किमान दोन पूरक प्रक्रिया व्हाव्यात आणि मूळ कापडाची किंमत तयार मालाच्या कारखाना-किमतीच्या ४७.५ टक्क्यांहून अधिक नसावी. वीण हीच कापडाची खरी जन्मवेळ, असा या वर्गीकरणाचा एकूण रोख दिसतो, आणि मालेगावच्या दृष्टीने ती जमेची बाजू आहे.

एक पायरी की दोन?

कोणती पायरी पुरेशी मानावी, हा या विषयातील खरा वादाचा मुद्दा होय. परदेशी कापड आणून ते केवळ कापून शिवले तरी चालते, असा नियम असेल तर त्याला एक-रूपांतराचा नियम म्हणतात. कापडही त्याच देशात विणलेले असले पाहिजे असे म्हटले तर तो दोन-रूपांतरांचा नियम झाला. उत्तर अमेरिकेतील तीन देशांच्या १९९४ च्या करारात याहून एक पायरी मागे जाऊन धाग्यापासूनच्या सर्व क्रिया कराराच्या प्रदेशात व्हाव्यात अशी अट होती. २०२० मध्ये त्या कराराची जागा नव्या कराराने घेतली तेव्हा शिलाईचा दोरा, खिशाचे कापड आणि इलास्टिकची अरुंद पट्टी यांच्यापर्यंत ती वाढविण्यात आली. खिशाच्या आतील कापडावरून तीन राष्ट्रांत वाटाघाटी व्हाव्यात याचे नवल वाटेल, परंतु त्या तेवढ्या कापडासाठीही कोठे तरी माग चालत असतात.

नियम बदलला की उद्योगाची दिशा कशी बदलते याचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशात पाहावयास मिळते. युरोपीय संघाने अल्पविकसित देशांना जकातमाफी दिली होती, पण तयार कपड्यांसाठी २०१० अखेरपर्यंत सूत आणून कापड विणण्यापासूनची अट होती. १ जानेवारी २०११ पासून या देशांना एकच रूपांतर पुरेसे ठरविण्यात आले. आयात कापडावर अवलंबून असलेल्या तेथील विणीच्या कपड्यांच्या उद्योगाला त्यामुळे मोठी मोकळीक मिळाली. या कापडात चीनचा वाटा मोठा. भारतीय सूत आणि कापडालाही तेथे गिऱ्हाईक आहे, हे मान्य केले पाहिजे.

भारताने आपल्या करारांत निरनिराळ्या वाटा चोखाळल्या. श्रीलंकेशी १९९८ मध्ये झालेला करार २००० साली अमलात आला. त्यात दरवर्षी ८० लाख नग तयार कपडे सवलतीच्या जकातीने आणण्यास मुभा होती, पण त्यांपैकी ६० लाख नग भारतीय कापडाचे असले पाहिजेत आणि ते ठरावीक बंदरांतूनच यावेत, अशी अट होती. काही वर्षांनी ३० लाख नगांपुरती ही बंधने उठविण्यात आली. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात मात्र अल्पविकसित देशांसाठी सर्वसाधारण नियम सौम्य आहे : चार अंकी शीर्षक बदलावे आणि किमतीत ३० टक्के भर त्या देशातील असावी. भारताने २०११ मध्ये या देशांच्या जवळजवळ सर्व मालाला जकातमाफी दिली, त्यात तयार कपडेही आले.

याचा हिशेब साध्या आकड्यांत मांडता येतो. समजा, ढाक्याहून येणाऱ्या सदऱ्याची निर्यात किंमत ५०० रुपये आहे. कटाई, शिलाई, मजुरी आणि नफा मिळून १५० रुपयांची भर तेथे पडली की नियम पाळला गेला. उरलेल्या ३५० रुपयांचे कापड कोणत्याही देशाचे असू शकते. तेच कापड थेट भारतात आले असते तर त्यावर जकात बसली असती. ते सदरा होऊन आल्याने जकात टळते, आणि त्या सदऱ्याला लागले असते तेवढे मीटर कापड येथील एखाद्या मागावर विणले जाण्याचे राहून जाते. वीणसुद्धा त्याच प्रदेशात व्हावी, अशी मागणी आपल्या वस्त्रोद्योगातील संघटना करीत आल्या आहेत ती यामुळेच. १७ मे २०२५ रोजी केंद्र शासनाने बांगलादेशी तयार कपड्यांची आयात न्हावाशेवा व कोलकाता या दोन बंदरांपुरती सीमित केली. तथापि तो मार्गावरचा निर्बंध होता, उगम-नियम त्याने बदलला नाही.

कागदाची बाजू

नियम पाळला गेला की नाही हे शेवटी कागदावरून ठरते. पूर्वी निर्यात करणाऱ्या देशाचे प्रमाणपत्र दाखविले की आयातदाराचे काम भागत असे. २०२० च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये २८डीए हे कलम घातले आणि त्याखालील नियम २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले. आता भारतात सवलतीने माल आणणाऱ्याने तो माल कोठे, कोणत्या क्रियांनी आणि किती मूल्यवृद्धीने तयार झाला याची माहिती स्वतःजवळ बाळगावी लागते, आणि ती पाच वर्षे जपावी लागते. शंका आल्यास अधिकारी ती मागवू शकतात.

आपला माल बाहेर जातो तेव्हा समोरचा देशही हेच विचारतो. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या करारात भारतीय वस्त्रांवरील १२ टक्क्यांपर्यंतची जकात शून्यावर आणण्याची तरतूद आहे आणि निर्यातदाराला स्वतःच्या घोषणेने उगम सांगण्याची सोयही आहे. घोषणा करणारा निर्यातदार मुंबईचा किंवा तिरुपूरचा असेल, पण पुरावा त्याला कापड विणणाऱ्याकडूनच मिळवावा लागणार.

आणि नेमकी येथेच मालेगावची अडचण आहे. अनेक यंत्रमागधारक स्वतःचे सूत घेत नाहीत. व्यापाऱ्याने दिलेल्या सुताचे कापड मजुरीवर विणून देतात. सूत कोणत्या गिरणीचे, ते कोणत्या सायझिंगमध्ये कांजी लावून कोणत्या बीमवर चढले आणि त्यातून किती थान निघाले, याची साखळी बहुधा तोंडीच असते. मागावरचा कामगार ती बिनचूक सांगेल, पण सांगणे म्हणजे नोंद नव्हे. विणीचा हा दुवा कागदावर नसेल तर परदेशी मागणी पुरविणारा निर्यातदार ज्या मोठ्या गिरणीकडे सर्व नोंदी तयार आहेत तिच्याकडे वळेल, मग तिचे कापड थोडे महाग का असेना.

या संदर्भात येवल्याच्या पैठणीचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते, पण ते येथे लागू पडत नाही. पैठणीला मिळालेले भौगोलिक मानांकन विशिष्ट प्रदेशातील कौशल्याला आणि नावाला संरक्षण देते. तिचे रेशीम कर्नाटकातून आणि जर सुरतेहून आली म्हणून तिचे पैठणीपण कमी होत नाही. उगम-नियमांचा हिशेब देशापुरता आहे. त्याला नावलौकिकाशी कर्तव्य नाही. परदेशात राहणाऱ्या ग्राहकाला पैठणी विकताना मानांकन आणि उगमाचा पुरावा हे दोन वेगळे कागद लागू शकतात.

यंत्रमागधारकाने सुरुवात करावयाची ती लहान वहीपासून. सुताचे बिल किंवा मजुरीवर आलेल्या सुताचे चलन, त्यावरील गिरणीचे नाव आणि गठ्ठ्याचा क्रमांक. बीमचा क्रमांक आणि तो मागावर चढल्याची तारीख. उतरलेल्या थानांची संख्या व लांबी. आणि माल बाहेर पडताना दिलेल्या चलनावर तोच बीम क्रमांक. वस्तू व सेवा कर आणि ई-वे बिलामुळे यांतील निम्मे कागद आजही तयार होतात, मात्र ते एकमेकांना जोडलेले नसतात. निर्यातदार, वस्त्र समितीसारख्या प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणा आणि परदेशी सीमाशुल्क अधिकारी या तिघांनाही हवा असतो तो बीमचा क्रमांक, जो सध्या बहुतेक कारखान्यांत खडूने भिंतीवर लिहिलेला असतो आणि बीम संपताच पुसला जातो.