घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आजचा विषय आहे घोरणं. हसू नका. १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत एक नाव होतं: ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया.

म्हणजे नक्की काय? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती ओढत असते, पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकतो, जोरात घुर्र आवाज होऊन श्वास सुरू होतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही!

श्वास किमान १० सेकंद अडला किंवा फार कमी झाला, की तो एकदा मोजतात. तासाला ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य, ३० च्या वर गंभीर. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा झोपमोड.

मग सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, बीपी वाढलेलं. आता विचार करा, असा माणूस रात्री दाजीपूरकडून फोंडाघाट उतरतोय. वळणावर दोन सेकंदांची डुलकीसुद्धा पुरते.

वजन, जाड मान, दारू यांनी त्रास वाढतो. पण जबडा लहान असेल तर बारीक माणसालाही होतो.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. रात्रभर श्वास, ऑक्सिजन, नाडी मोजतात. काही पेशंटना मशीन घरी नेऊनही करता येते. स्मार्टवॉच फक्त इशारा देतं, निदान नाही.

मुख्य उपचार सीपॅप. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी तो मांडला. मास्कमधून हलक्या दाबाची हवा येते आणि घसा उघडा राहतो. मशीन आजार कायमचा घालवत नाही, चष्म्यासारखं आहे: लावलं तर उपयोग. सोबत वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद. काहींना जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी किंवा ऑपरेशन लागतं.

झोपणाऱ्याला हे कळत नाही, शेजारच्याला कळतं. म्हणून बाबा किंवा काका घोरताना मध्येच शांत होऊन दचकत असतील, तर त्यांना सांगून मोबाईलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. रीलसाठी नाही हां! कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना ऐकवा. आणि तोवर रात्रीचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या.

भेटूया पुढच्या भागात. नीट झोपा!