घरावरील आकस्मिक प्रसंग व त्यांची पूर्वतयारी

पावसाळा तोंडावर आला की शेतकरी बियाणे तपासतो, औते दुरुस्त करून घेतो, गुरांना घटसर्पाची लस टोचून घेतो. पाऊस कोणत्या दिवशी येईल हे ठाऊक नसले तरी तो येणार, हे धरून ही तयारी होत असते. घरच्या माणसांवर येणाऱ्या प्रसंगांविषयी मात्र अशी तयारी क्वचितच आढळते. अभद्र बोलू नये या समजुतीने घरात तो विषयच निघत नाही. वस्तुतः सर्पदंश, औषधाची विषबाधा, विजेचा धक्का, गंजीला आग हे प्रसंग कोणत्याही तालुक्यास नवीन नाहीत. त्यांत प्रत्यक्ष आघाताइतकीच हानी नंतरच्या शोधाशोधीत गेलेल्या वेळाने होते, आणि हा वेळ वाचविणे घरच्यांच्या हाती असते.

प्रथम सर्पदंशाचा विचार करू. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. पैकी मण्यार हा रात्री हिंडणारा साप असून जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. त्याच्या दंशाची वेदना पुष्कळदा इतकी अल्प असते की झोपही मोडत नाही व व्रणही सहसा दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे लोक अपचन समजून ओवा देतात आणि उजाडेपर्यंत श्वास कोंडू लागतो. यास्तव जमिनीवर निजलेल्या माणसाने पहाटे अशी तक्रार केल्यास प्रथम सर्पदंशाची शंका घ्यावी व त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. शक्यतो खाटेवर निजावे. खाट नसल्यास मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचावी. डासांसाठी आणलेली ही वस्तू सापापासूनही रक्षण करते.

दंश झालेल्या जागी चिरा देऊ नये, विष चोखू नये, करकचून दोरी आवळू नये. हातापायांतील अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज येण्यापूर्वीच काढावीत व तो अवयव, हाड मोडल्यावर बांधतात तसा, फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. साप मारून दवाखान्यात नेण्याची आवश्यकता नाही, कारण आपल्या देशात मिळणारी प्रतिसर्पविष लस वरील चारही सापांच्या विषावर चालते. मांत्रिकाकडे घालविलेला तास परत मिळत नाही, हे निराळे सांगावयास नकोच.

तथापि खरी तयारी याच्याही आधीची आहे. ही लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात असते, याची चौकशी मे महिन्यातच करून ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून चालू आहे. पण वस्तीचा रस्ता चिखलाने बंद असताना गाडी कोठवर येईल, तेथपर्यंत रुग्णास कोणाच्या ट्रॅक्टरमधून न्यावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. ही माहिती बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात किंवा त्याच्या मोबाइलमध्ये असते, आणि तो मोबाइल दुसऱ्या कोणास उघडता येत नाही. दंश त्यासच झाला तर? सबब सर्व क्रमांक ठळक अक्षरांत दारामागील भिंतीवर लिहावेत व मुलांकडून एकदा वाचून घ्यावेत.

कीटकनाशकांविषयीही सावधगिरी हवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. औषधाचा डबा कुलूपबंद ठेवावा व उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कदापि काढून ठेवू नये. विषबाधेची शंका येताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे, औषध पोटात गेले असल्यास बळेच उलटी करवू नये आणि डबा किंवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांकडे न्यावी. प्रत्येक विषावरील उपचार वेगळा असतो, आणि त्या चिठ्ठीवरूनच तो लवकर ठरतो. विजेच्या धक्क्याने चिकटलेल्या माणसास हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. गंजी घरापासून व गोठ्यापासून दूर रचावी.

आता कागदपत्रांविषयी. दौऱ्यावर असताना असे आढळते की, पतीने कोणत्या सोसायटीचे कर्ज काढले, पैसे कोणत्या बँकेत आहेत, हे पत्नीस ठाऊक नसते. ही लाजेची किंवा संशयाची बाब मानण्याचे कारण नाही. सातबारा व आठ-अ उतारे, आधारपत्रे, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके व कर्जाच्या पावत्या एका पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात आणि पेटीची जागा घरातील निदान दोघांस माहीत असावी. बँकेच्या खात्यावर नामनिर्देशन केले आहे किंवा नाही, तेही पाहून घ्यावे.

शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२३ च्या शासन निर्णयानुसार खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५ वर्षे, यांचा तीत समावेश होतो. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये व एक अवयव किंवा एक डोळा गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणे व विषबाधा हे अपघातच धरले जातात. मात्र मृत्यू अपघाताने झाला याची नोंद व्हावयास हवी. अंत्यविधीच्या घाईत वैद्यकीय अधिकारी व पोलीस यांस कळविले नाही, तर पुढे पुरावा उरत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व जमिनीवरील वारसांची खबर तलाठ्यास तीन महिन्यांत द्यावी लागते. दुःखाच्या दिवसांत या मुदती ध्यानात राहात नाहीत, म्हणून त्या एका कागदावर लिहून तो पेटीच्या झाकणास आतून चिकटवून ठेवावा.