गवत कापणारे यंत्र माणसाच्या मापाचे हवे

मृगाचा पाऊस पडला की यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पिकाबरोबर तणही माजते. कपाशीच्या ओळींमधील तण डवऱ्याने निघते. उरलेले निंदण बहुतांशी स्त्रिया खुरप्याने, उकिडव्या बसून करतात. धुऱ्यावरचा कुंदा आणि पडीतले गाजरगवत मात्र विळ्याला सहजी दाद देत नाही. वेळेवर मजूर मिळत नसल्याने पेट्रोलवर चालणारे ब्रश कटर आता खेडोपाडी दिसू लागले आहे. त्याने कमरेचा ताण कमी केला हे खरे. पण तो नाहीसा झाला नाही, हात, खांदे आणि कानांकडे सरकला.

या यंत्रात दांड्याच्या एका टोकाला इंजिन आणि दुसऱ्या टोकाला फिरते पाते असते. दोहोंची कंपने मुठीतून हातात उतरतात. वर्षानुवर्षे असे काम केल्यास बोटे बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. युरोपीय संघाने २००२ मध्ये यासाठी मर्यादा ठरवल्या : आठ तासांची सरासरी कंपने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की उपाय करणे बंधनकारक, आणि ५ ही कमाल मर्यादा. कंपने दुप्पट झाली तर कामाची सुरक्षित वेळ निम्मी नव्हे, एक चतुर्थांश होते. म्हणून इंजिन व दांडा यांच्यामध्ये आणि मुठींखाली रबर बसवणे ही चैन नव्हे.

वजनाचे गणित थोडे वेगळे आहे. एकाच खांद्यावरच्या पट्ट्याने शरीर एका बाजूला झुकते. दुहेरी पट्टा भार दोन्ही खांद्यांवर वाटतो, कमरपट्टा असल्यास काही भार कमरेवर घेतो. आकडा योग्य जागी असेल तर पाते जमिनीच्या किंचित वर तरंगत राहते आणि हातांना केवळ दिशा देण्याचे काम उरते. पण पट्टा व मुठी कोणाच्या उंचीच्या? भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातील शेतकामगारांची मापे गोळा केली आहेत. त्यानुसार पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६३, तर स्त्रियांची सुमारे १५१ सेंटिमीटर भरते. परदेशी मापाची मूठ या बाईच्या छातीशी येते. परिणामी यंत्र येताच निंदणाऱ्या बाईची मजुरी जाते आणि यंत्राची मजुरी पुरुषाला मिळते.

यंत्राबरोबर संरक्षण आले नाही तर काय होते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन येथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, बारीक तुषार उडवणारे पंप आणि संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे तेव्हा पुढे आली. ब्रश कटरचा धोका विषाचा नाही, उडणाऱ्या गोट्याचा आहे. पात्यामागचे आवरण 'गवत अडकते' म्हणून काढून टाकले जाते, तेव्हा तो सरळ नडगीवर किंवा डोळ्यावर येतो. चष्मा, बूट आणि कानपट्टी यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायला हवा.

बॅटरीवरचे यंत्र कमी थरथरते, आवाजही कमी करते. मात्र दिवसभराच्या कामाला जादा बॅटऱ्या आणि भरवशाची वीज लागते. कपाशीच्या बुंध्याजवळ नायलॉनची दोरी वापरल्यास साल सोलली जाते, तिथे खुरपेच बरे. खरेदीला जाताना यंत्र जो किंवा जी चालवणार, त्यांनाच सोबत न्यावे. पट्टा अंगावर चढवून मुठी कमरेच्या किंचित वर येतात का, ते दुकानातच पाहता येते.